परतीची फेरी

"माझे सगळे प्रवासी पलीकडे पोचले," पटावरची होडी काठाला लावत शिंपी म्हणाला. "जिंकलो ना मी?"

निवृत्त नर्सबाईंनी चष्मा वर सारून नियमांचा कागद पुन्हा वाचला. मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"तसं काही लिहिलेलं नाही इथे."

"मग आता?"

"आता काय, परत आणायचे असतील."

भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलेले पटवाले पुढे झुकले. पटावरचे खेळ तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. खोक्यांवर त्यांचं खरं नाव छापलेलं असे, पण खेळ छापणाऱ्या या कंपनीत सगळे त्यांना पटवालेच म्हणत. आत्ता त्यांच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. नव्या खेळाची चाचणी असली की ती लागायचीच. चाचणीची रीतच तशी होती. खेळणारे अनोळखी, त्यांच्या हाती फक्त नियमांचा कागद, आणि खेळ बनवणाऱ्याने मागे मूग गिळून बसायचं. मूग गिळणं काही त्यांना जमत नसे, म्हणून गोळी.

कंपनीच्या मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या. पटवाल्यांचे 'कंदील' आणि 'आडवाट' हे खेळ एके काळी घराघरांतल्या कपाटांत असायचे. नंतरचे दोन मात्र सपशेल आपटले. हा नवा 'नावाडी' आज नीट खेळला गेला तर छापायचा, नाही तर पटवाल्यांनी आता आराम करायचा, असं बाईंनी सकाळी चहा पाजून गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

आणि 'नावाडी'ला शेवटच नव्हता. लोक ज्याच्या खेळांचे शेवट वाखाणायचे, तो माणूस शेवटच लिहायला विसरला होता. पटवाले चक्रावले. नियम तर त्यांनी कितीदा वाचले होते. होडी कशी हलवायची, प्रवासी किती घ्यायचे, भोवऱ्यात अडकलं तर काय करायचं, सगळं जागच्या जागी होतं. मग माशी शिंकली कुठे?

इकडे शिंपी रिकामी होडी घेऊन परत निघाला होता. नर्सबाईंनीही आपली होडी वळवली. तिसरी खेळणारी होती नर्सबाईंची सून. ती म्हणाली, "आई, रिकामी कशाला आणता तुमची? माझी दोन पोरं घ्या येताना."

"आणि माझा म्हातारा?" नर्सबाईंनी विचारलं.

"तो मी घेते. माझ्या होडीत जागा आहे."

"काठी धरून बसव त्याला. मागच्या वेळी पाण्यात पाडलास."

तिघं हसली. पटवाल्यांना काही कळेना. स्वतः पोचायचं सोडून ही मंडळी एकमेकांची माणसं वाहत बसली होती. हा खेळ रंगला होता की फसला होता? इतकी वर्षं याच कामात घालवून त्यांना ते ओळखता येईना, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मग त्यांना आठवलं. शेवट त्यांनी स्वतःहून कधी केलाच नव्हता. खेळ तयार झाला की ते बायकोला समजावून सांगायचे. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अहो, ते सगळं ठीक. पण हा संपतो कधी?" ते चिडायचे, चपला घालून बाहेर पडायचे आणि परत येताना शेवट घेऊन यायचे. 'कंदील'चा शेवट असाच कोपऱ्यावरच्या दुकानाचे दिवे विझताना सुचला होता. ती गेल्या वर्षी वारली. या वेळी कुणी विचारलं नाही, ते चिडले नाहीत, घराबाहेर पडले नाहीत. खेळ पुरा झाला असंच त्यांना वाटत राहिलं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं. खोक्याचं झाकण हातात घेऊन त्या टेबलापाशी आल्या. "थांबायचं का आता?"

कुणी उठलं नाही. सून म्हणाली, "एवढ्या म्हाताऱ्याला पोचवते." म्हातारा पोचला तर सुनेची दोन पोरं पलीकडेच राहिली होती. ती आणायला नर्सबाई निघाल्या. मधेच त्या थांबल्या. मागे बसलेल्या गृहस्थांना काही विचारायचं नाही, असं त्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं. त्या ते साफ विसरल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "अहो, हा संपतो कधी?"

गोळी कधीच विरघळून गेली होती. पटवाल्यांनी तोंड उघडलं. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चूक झाली म्हणावं तर खेळ गेला. मुद्दामच केलंय म्हणावं तर ते खोटं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"घरी विचारून सांगतो."

नर्सबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकीणबाई मात्र जागच्या जागी थांबल्या. दर खेळाच्या वेळी कुठेही गाडं अडलं की पटवाले याच टेबलापाशी हेच वाक्य बोलत आले होते. आपण काय बोललो ते पटवाल्यांच्याही लक्षात आलं. ते हातातल्या पेपरमिंटच्या कागदाची घडी घालू लागले. बाईंनी हातातलं झाकण अलगद खाली जमिनीवर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"विचारा, सावकाश विचारा," शिंपी होडी मागे वळवत म्हणाला. "तोवर आम्ही आहोत."