साडेअकरापर्यंत

अकरा चाळीस झाले तरी त्या मुलीला न्यायला कुणी आलं नव्हतं. ती वर्गाच्या दारात उभी होती. पाठीवर दप्तर, दोन्ही पट्टे मुठीत. निघालेल्या माणसासारखी उभी होती, फक्त निघत नव्हती.

आत दुसरी ब. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर कागदी साखळ्या, दोन फुगे आधीच फुटलेले. चाळीस मुलं, चाळीस टोप्या.

एकोणचाळीस.

सणाच्या सुट्टीआधी शाळा घरोघरी चिठ्ठी पाठवते. वर्गातल्या कार्यक्रमात आमचा पाल्य सहभागी होईल / होणार नाही. नको ते खोडा. हिच्या घरून चिठ्ठी आली तेव्हा 'होईल'वर अशी रेघ होती की कागद फाटला होता. खाली आजोबांची सही. ज्यांचं 'नाही', त्यांना घरच्यांनी साडेअकरापर्यंत न्यायचं. गेल्या वर्षीही असंच ठरलं होतं. पण जाता जाता कुणीतरी गंमत म्हणून हिच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी टोपी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होती, आणि समोर आजोबा.

म्हणून आज सकाळीच वर्गाच्या बाईंना मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं होतं. "यंदा त्या मुलीचा पाय उंबऱ्याच्या आत नको. ते म्हातारबुवा मला पुन्हा झेपायचे नाहीत. बाराला मी स्वतः फेरी मारते."

बाईंनी मान डोलावली होती. मान डोलावताना एक गोष्ट सांगायची राहिली. गेले दोन आठवडे शेवटच्या तासाला वर्गानं सणाचं गाणं घोटलं होतं. सगळ्या वर्गानं. सरावाला चिठ्ठी लागत नाही.

"बाई." ही वकीलबाई. सात वर्षांची, नाव वर्गानंच ठेवलेलं. "तिचा एक बूट आत आहे. मग ती आत धरायची की बाहेर?"

"तू तुझी टोपी सांभाळ."

"नाही, पण अर्धी आत असली तर अर्धा खाऊ मिळतो का?"

वर्ग हसला. दारातला बूट मागे गेला. या पोरीच्या तोंडाला कुलूप घालावं असं बाईंना वाटलं, मग वाटलं, विचारतेय ते बरोबरच आहे. त्या खिडकीशी गेल्या. फाटक रिकामं. घड्याळ पाहिलं. पुन्हा खिडकी. पुन्हा घड्याळ, जणू मधल्या चार पावलांत काही झालं असेल.

"चला, गाणं."

पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसरं दोन ओळी चाललं आणि अडकलं. एकोणचाळीस तोंडं उघडी, पुढचा शब्द कुणाकडेच नाही. एकानं फुग्याकडे बघून घेतलं.

मग तो शब्द दारातून आला.

बारीक आवाज, पण सुरात. ती छताकडे बघून म्हणत होती. जणू हे चाललंय त्याच्याशी आपला काही संबंध नाही. वर्गानं ओळ पकडली आणि सगळे तिच्यामागून निघाले. बाईंनी हात वर केला, थांबवायला. हात वरच राहिला. पोरांना वाटलं, ताल धरायचाय. सगळी जोरात टाळ्या वाजवू लागली.

बाई दारातल्या मुलीच्या शेजारून बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात येऊन त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

फोन जिन्याच्या वळणावर वाजला. लगेच बंद झाला.

वळणावर शिपाईमावशींच्या स्टुलावर आई बसली होती. अंगात कारखान्याचा निळा कोट, मांडीवर मुलांना सोडायचं रजिस्टर.

"कधी आलात?"

शेजारी उभ्या मावशीच म्हणाल्या, "सव्वाअकरापासून बसल्यात. सही केली, वेळ लिहा म्हटलं तर पेन घेऊन विचार करतायत. एवढा विचार मी लग्नाच्या वेळी केला नाही."

"मी अजून आले नाही असं धरा ना, बाई." आईचा आवाज एवढासा. "रस्ता बंद होता म्हणून सांगेन. एवढ्या एका वर्षी. मामंजी इथं येऊन रजिस्टर उघडायला लावतात हो. वेळ बघतात."

रजिस्टरात मुलीचं नाव होतं, नातं होतं, सही होती. वेळ लिहायची राहिली होती.

तिसरं कडवं व्हरांड्यात ऐकू येत होतं. त्यात एक आवाज वेगळा काढता येत होता. आई तोच ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. गाणं तिलाही पाठ होतं.

"घरी म्हणते," ती म्हणाली. "न्हाणीघरात. नळ सोडून."

बाईंनी वर्गाकडे कान दिला.

"किती राहिलंय?" आईनं विचारलं.

"एकच कडवं."

आईनं पेनचं टोपण काढलं आणि वेळ लिहायला रजिस्टरवर वाकली. बाई वळल्या. वर्गाच्या दाराशी पोचेपर्यंत शेवटची ओळ चालू झाली होती. मुलगी चौकटीला टेकलेली. डोळे मिटलेले. दप्तर खाली, कुणी ठेवलं, तिनं की आपोआप, कुणास ठाऊक. बूट दोन्ही आत.

बाराला सहा मिनिटं होती.

"नीट नाही झालं," बाई म्हणाल्या.

"बाई, झालं की नीट," वकीलबाई म्हणाली.

"नाही झालं. पहिल्यापासून घ्या. सावकाश."