नोंद नसलेलं बेअरिंग

"तुझ्या कॉम्प्युटरला ठाऊक नसलेलं बेअरिंग काढून दाखवतो. हरलास तर चौकात अर्धी मिशी उतरवायची!" स्टोअरकीपर तात्यांनी शेजारच्या रायगोंडाला डिवचलं. कारखान्यातलं नवं सॉफ्टवेअर रायगोंडाच सांभाळायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर बेअरिंगचा साठा शून्य. तात्यांनी अडीनडीला लपवून ठेवलेलं एक डब्यातून काढलं आणि ऐटीत टेबलावर आपटलं.

"हरलो की ओ!" म्हणत रायगोंडानं सवयीनं नोंद केली. आता एका टेबलावरची नोंद सगळ्या खात्यांत एकदम दिसायची. मालकालाही दिसली. माल लपवला म्हणून दुपारीच तात्यांची वीस वर्षांची नोकरी गेली.

संध्याकाळी चौकात रायगोंडानं भरल्या डोळ्यांनी आपल्या अर्ध्या मिशीवर वस्तरा चालवला. समोर उभे तात्या सोडून अख्खी गल्ली खिदळली.

"जिंकलासा, तात्या," तो पुटपुटला, "हसा की आता."