राखीव जागा

दुसऱ्या मजल्यावरच्या अप्पांचे पाय गेले, तेव्हापासून इमारतीच्या दारासमोर अपंगांसाठी पार्किंगची जागा मिळावी म्हणून त्यांच्या लेकीने नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. दरवेळी एकच उत्तर, "पाहणी बाकी आहे." दवाखान्यात न्यायचं म्हणजे पार कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत अप्पांची खुर्ची खड्ड्यांतून ढकलत न्यायची.

आज सकाळी ती खाली आली, तर पालिकेचा रंगारी दारासमोर पांढरी चौकट आखून आत चाकाच्या खुर्चीचं चित्र काढत होता. तेवढ्यात एक गाडी दाराशी वळली, तसा रंगारी ब्रश उगारून ओरडला,


"ओ, शववाहिका पुढे घ्या! ही दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची जागा आहे. सहा वर्षं वाट बघितलीय बिचाऱ्यांनी!"