तव्यावरची शेवटची वडी

"हायस्कूल अर्ध्यात सोडलंस, आता डुकराच्या वड्या थापतोस?" बाबा कडाडले.

"वड्या नाही, स्क्रॅपल! पोर्क आणि मक्याचं पीठ. इकडे ब्रेकफास्टला खातात!" ओजसही भडकला. डायनरची मालकीण म्हणाली होती, एक तरी न मोडता भाजून आण, लगेच कामावर घेते. पण ह्याला दम कुठला? खालून खरपूस व्हायच्या आतच उलटायचा आणि भुगा करायचा. आता शेवटचीच तव्यावर होती.

बाबांनी शेजारच्या वल्लरीचे मार्क काढले. ओजसने बाबांच्या अडकलेल्या ग्रीन कार्डाचा विषय काढला. मग जुंपलीच! खमंग वास आला तेव्हा कुठे त्याला तवा आठवला. घाबरत घाबरत उलटली, तर अख्खी, सोनेरी!

"बाबा, काम मिळालं तर रोज सकाळी तिकडे भांडायला याल? मला आता निघायला हवं."