आप्पांना धक्का लागू नये

"धक्का म्हणजे अजिबात बसता कामा नये," उल्का पुन्हा एकदा म्हणाली.

केरूची पिकअप हातखंब्याच्या गॅरेजात जॅकवर चढली होती आणि रितेश मेस्त्री तिच्या मागच्या चाकांमध्ये आडवा झाला होता. गाडी आंब्याच्या पेट्या वाहणारी. पेट्यांनी कधी खड्ड्यांची तक्रार केली नव्हती, त्यामुळे मागे हवेचे फुगे बसवायचं खूळ केरूच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पण लांज्याच्या पलीकडून आलेली ही बाई ते आपल्या खर्चाने बसवून द्यायला निघाली होती, तेही एका फेरीसाठी. तिचे सासरे, आप्पा, कोल्हापूरला दवाखान्यात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. नवरा बोटीवर, कुठल्याशा समुद्रात. आता म्हाताऱ्याला घरी आणायचं आणि सुखाने जाऊ द्यायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

"ॲम्ब्युलन्स का नाय करत, वहिनी?" केरूने विचारलं.

"ते लोक छाती दाबतात, नळ्या घालतात. माणसाला धड जाऊ देत नाहीत."

"मग लांज्यातली एखादी गाडी?"

"दिवाळीत आप्पांना आणायला तिथलीच नेली होती. पालीच्या पुढे अशी आदळली, काय सांगू! त्याचं आम्ही अजून भोगतोय."

केरूला गलबलून आलं. पोटच्या लेकी बापाला विचारत नाहीत अशा दिवसांत ही सून सासऱ्याच्या हाडांची काळजी करत गॅरेजात उभी होती.

"नुसते फुगे घातले तर रिकामी गाडी जास्तच उडेल," रितेश खालून ओरडला. "स्प्रिंगचे दोन पाटे काढतो नि वजन फुग्यांवर टाकतो."

चासी आणि पाट्यांच्या मधे त्याने काळे रबरी फुगे आवळून बसवले. हवेची नळी सायलेन्सरपासून लांबून ओढली. जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडा येतो का पाहिलं आणि मग बेताची हवा भरली. गाडीचं मागचं अंग हळूच वर आलं.

रितेश हात पुसतोय तोच उल्का पदर खोचून मागे चढली आणि फळीवर धाडधाड उड्या मारायला लागली. गाडी नुसती डोलली. तेव्हा कुठे बाईच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं.

"बाईचा जीव बघ किती तो," रितेश पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात आप्पांना गाडीत मागे गादीवर ठेवलं, तेव्हा त्यांचे डोळे सताड उघडे होते. पापणी म्हणून लवत नव्हती. केरूने नमस्कार केला, पण ते त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. केरूने न राहवून वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"दिवाळीपासून झोपतच नाहीत," उल्का म्हणाली.

"यमुने," म्हातारा तिला म्हणाला, "परत तिकडेच नेतेस काय गो?"

"यमुना कोण?" केरूने हळूच विचारलं.

"आमच्यात त्या नावाचं कधी कोणी झालं नाही."

केरूने ते मनावर घेतलं नाही. त्याची आजी शेवटी शेवटी कोंबड्यांना नातवंडांच्या नावाने हाका मारायची. पिकलं पान ते, देठ कुठून तुटेल आणि जीभ कुठे घसरेल, सांगता येतं थोडंच!

आंबा घाट गाडी लोण्यातून सुरी जावी तशी उतरली. केरू स्वतःवरच खूश झाला. साखरपा मागे पडलं आणि मागे आप्पांजवळ बसलेल्या उल्काने केबिनच्या काचेवर टकटक केली.

त्याने गाडी बाजूला घेतली. आप्पा निवांत पडले होते. डोळे मिटलेले. नाकाशी बोटं धरली, श्वास नव्हता. हात गार पडला होता.

"गेले," उल्का म्हणाली. रडली मात्र नाही.

तिने पिशवीतून जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या पट्ट्या काढल्या. घरूनच फाडून आणलेल्या होत्या. आधी पायांचे अंगठे बांधले, रीतच आहे ती. मग तिने दोन्ही मनगटं एकत्र बांधली, मग गुडघे, आणि प्रत्येक गाठ दातांनी ओढून पक्की केली.

"हात पण बांधतात?"

"आमच्यात बांधतात."

मग ती खाली उतरली आणि पुढे केरूच्या शेजारी येऊन बसली. मढ्याजवळ कोणीतरी बसायला हवं असं केरूच्या ओठावर आलं होतं, पण दुःखात असलेल्या बाईला शास्त्र शिकवणारा तो कोण? तिने गावात फोन करून कळवलं. गाडी निघाली. उल्का पुढचा रस्ता बघतच नव्हती. मान वळवून ती सारखी मागच्या काचेतून पाहत होती.

तिचा फोन वाजला. गावातून शेजारचा बाळा बोलत होता. माणसं जमली होती, लाकडं रचून झाली होती. उजेड आहे तोवर या म्हणत होता. पालीला वळून ते महामार्गाला लागले, आणि थोडं पुढे गेल्यावर काम अर्धवट टाकलेला उखडलेला पट्टा सुरू झाला. ऊन उतरायला लागलं होतं. गाडी रांगत होती.

"वहिनी, आता त्यांना कसला धक्का नि कसलं काय," केरू जमेल तितक्या हळुवारपणे म्हणाला. "माणसं खोळंबलीत. जरा दामटतो."

उल्काने त्याचं मनगट गच्च धरलं.

"नको, भाऊ, पाया पडते, हळू घ्या," ती म्हणाली. "आप्पा दिवाळीतच गेले, ह्याच रस्त्यावर. त्या समोरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि त्यांच्या जागी दुसरंच कोणीतरी उठून बसलं."