हद्दीबाहेरचा आकडा

तेविसाव्या फाइलचा आकडा पुन्हा हद्दीबाहेरच पडला. जागृतीनं माऊस आपटला.

"अजून तेच?" हेमराजनं विचारलं. तो मागच्याच महिन्यात या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून आला होता. वय चाळिशीचं, घरी दोन पोरी.

"अजून तेच."

वर्ध्यातल्या या कॉलेजात ती तान्ह्या बाळांच्या मेंदूतल्या लहरींवर पीएच.डी. करत होती. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला एकोणीस तारा लावायच्या. मेंदूच्या नेहमीच्या लयी वजा केल्या की उरतो तो निव्वळ गोंगाट. गोंगाटाच्या कोष्टकातून आयगेन मूल्यं नावाचे जे आकडे निघतात ते एका ठराविक हद्दीत राहतात, आणि ती हद्द गणितानं आधीच सांगता येते. एखादा आकडा बाहेर पडला, तर तो गोंगाट नसतो. बाळाच्या डोक्यात काहीतरी वेगळं चाललेलं असतं. आजारी गटात असे आकडे अपेक्षितच होते. तेवीस नंबर निरोगी गटात होता.

आठ दिवसांत तिनं सगळं करून पाहिलं होतं. पंख्याची घरघर गाळली. सैल वाटणारी तार वगळली. वेळेचे तुकडे बदलले. आकडा जरासा आत सरकायचा, अन् पुन्हा बाहेर.

"काढून टाका ना मॅडम. चाळीस फायली हायेत. एकीसाठी काऊन जीव काढून राह्यल्या?"

"काढायची नाही. आत आली पाहिजे ती."

"आपल्या म्हणण्यानं येते काय ते?"

"तुम्ही चहा प्या, हेमराजभाऊ."

तो हसला. "मागच्या आठवड्यातलं जाम गावचं बाळ आठवते? त्याचाबी आकडा असाच पळाला होता. मावशी थोपटून राह्यली होती त्याले. सगळ्या तारा त्याच ठेक्यात हालल्या. मावशीचा हात धरला, आकडा आत!"

जागृतीची बोटं थांबली.

"थोपटलंच असेल," ती म्हणाली. "इथंही थोपटलंच असेल."

"मंग झालं तर."

तेवढ्यात नागपूरहून तिच्या गाइड सरांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला आणि घाईघाईनं थोपटण्याचं सांगून टाकलं.

"अंदाजानं नको," सर म्हणाले. "आईला विचारा. थोपटलं असेल तर फाइल बाद करा. नसेल, तर उद्याच बाळाला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. फिट यायची वाट बघण्यात अर्थ नाही."

फोन बंद झाला.

"मी विचारते नंतर," जागृती म्हणाली.

"नंतर काऊन?" हेमराजनं कपाटातून संमतीच्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. फॉर्मवर नाव कुठंच नसायचं. फाइलचा क्रमांक आणि आईचा मोबाइल नंबर, बस. "निरोगी पोरं भेटत नव्हती तवा वळखीपाळखीतली आणली होती म्हणे तुमी. मंग संकोच कायचा?"

"राहू द्या ना, भाऊ. आज नको."

"अवो, मायले तं कळलंच पायजे!"

त्यानं टेबलावरचा फोन जवळ ओढला, फॉर्मवरचा एकेक आकडा वाचत नंबर लावला आणि रिसीव्हर कानाला धरला.

जागृतीच्या पर्समधला मोबाइल वाजू लागला.