बायनाबाईची काशी

सोनपेठजवळच्या त्या गावाला दवाखान्याचं अनुदान यंदाही नाकारलं गेलं. "बाळंतपणात बाया दगावतात, त्या गावांना आधी," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे तर एकही दगावत नाही." दोष अर्थातच सुईण बायनाबाईच्या हाताचा होता.

संध्याकाळी सरपंच व्यंकटराव स्वतः तिच्या दारी आले. "मावशी, लय राबलात. गावच्या खर्चानं काशी करा. दिवाळीपस्तोर सवडीनं या."

"आन् दिवस भरत आलेल्या पोरींचं?"

"देव हाय की!"

निघताना गावातल्या साऱ्या गरोदर पोरी एसटीपाशी येऊन तिच्या पाया पडल्या. बायनाबाईनं खिडकीतून विचारलं, "सरपंचाची सून दिसंना कुटं?"

 

"तिला कालच परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठिवलंय, मावशी."